ओबैदीचा दमजाना

मी दारू प्यायलो आहे. फार नाही, थोडी थोडी करून काही दिवस. ती ज्याची होती त्याने विश्वासाने माझ्याकडे ठेवायला दिली होती. प्यायलेलं लपवायला म्हणून उरलेली मी बिघडवली, आणि दोन्हींचा आळ दुसऱ्या एका माणसावर जाऊ दिला. हे मी आजवर कुणालाच बोललेलो नाही. बायकोला नाही. हजला गेलो तेव्हा काब्यासमोर उभं राहूनही नीट शब्दांत नाही; नुसतंच 'माझी चूक माफ कर' म्हटलं आणि कुठली चूक ते अल्लाला ठाऊक आहे असं धरून चाललो.

आमच्या रत्नागिरीकडच्या गावात याच प्रकरणाची एक वेगळी गोष्ट सांगतात. तिच्यात मी फार चांगला मुलगा आहे. ती निघाली की मी मान खाली घालतो, आणि लोकांना वाटतं, काय नम्र माणूस आहे.

आता पन्नाशी उलटली. अबू धाबीजवळच्या मुसफ्फ्यात माझं छोटं वर्कशॉप आहे, शहरात घर आहे. मुलं इथंच वाढली. मराठीत विचारलं तरी इंग्रजीत उत्तर देतात. हे मी मराठीत लिहितोय. मराठीत मला नीट सांगता येतं, हे खरंच. पण मुलांना वाचता येणार नाही, हेही मनात आहेच. खरं बोलायचं ठरवलंय तर हेही सांगून टाकलेलं बरं.

साठ सालानंतरची ही हकीगत. अमिराती तेव्हा एकत्र झालेल्या नव्हत्या. अबू धाबीहून अल ऐनला जायचं म्हणजे लँडरोव्हरने वाळूतून, टायरमधली हवा कमी करून, दिवसभर. त्याच वाटेवर पक्का रस्ता करायचं काम एका कंपनीकडे होतं आणि तिचा एक कॅम्प अल ऐनच्या अलीकडे पडला होता. पत्र्याच्या खोल्या, केरोसीनवर चालणारे फ्रिज, आणि पलीकडे खजुरीच्या बागा. मुंबईहून बोटीने दुबईला उतरलो तेव्हा मी विशीत होतो. नात्यातल्या एकाने मला या कॅम्पात चिकटवून दिलं. साहेब लोकांच्या मेसमध्ये वाढप्याचं काम.

घरी मात्र मी 'स्टोअरमध्ये आहे' असं कळवलं होतं. मेसमध्ये साहेबांच्या टेबलावर परमिटची बिअर आणि व्हिस्की असायची आणि ती नेऊन ठेवायचं काम माझं होतं. आमचे अब्बा असे होते, की गावात माडीचं मडकं घेऊन कुणी समोरून आला तर ते वाट बदलत. त्यांना काय सांगणार.

मेसचा स्वयंपाकी गोव्याचा ख्रिश्चन. गोव्याकडे स्वयंपाक्याला कुझनेर म्हणतात, म्हणून साहेबांसकट सगळे त्याला कुझनेरच म्हणत. माझ्या वडिलांपेक्षा थोडा लहान असेल. मी त्याला मामू म्हणायचो. तो मला मुल्ला म्हणायचा, कारण मी पाचही वेळची नमाज पढायचो आणि वेळ झाली की हातातलं काम टाकून जायचो.

"काय मुल्ला, झाली नमाज?" तो विचारायचा. "कांद्यांची अजून व्हायची आहे. ते तुझ्यासाठी थांबलेत."

मी त्याच्या हाताखाली कांदे कापायला, मासे साफ करायला शिकलो. त्याच्याकडे गावाहून आणलेली चिनी मातीची बरणी होती, माडाच्या सुरेच्या विनेगरची. त्या विनेगरवर एक जाडसर, बुळबुळीत साय धरलेली असायची. तिला तो 'आवय' म्हणायचा, म्हणजे आई. थोडं विनेगर काढलं की तो त्यात खजुराचं पाणी घालायचा आणि म्हणायचा, आईला उपाशी ठेवलं तर घर बसतं.

त्याची एक गोष्ट साऱ्या कॅम्पाला ठाऊक होती. तरुणपणी तो खूप प्यायचा. धाकटा भाऊ दारूपायी गेला तेव्हा त्याने गावच्या चॅपेलमध्ये, सगळ्या गावासमोर, गुडघे टेकून शपथ घेतली होती. तेव्हापासून थेंब नाही. साहेबांसाठी पुडिंगमध्ये ब्रँडी घालायची असली तर तो चव बघायचा नाही, दुसऱ्याला बघायला लावायचा. मला मात्र कधीच नाही सांगायचा. "तुझं तोंड तुझ्या अल्लाचं," म्हणायचा.

तिसरा माणूस लेबनॉनचा. तो सर्वेअर होता. अरबीत इंजिनियरला मुहंदिस म्हणतात, तेच त्याचं नाव पडलं. तोही ख्रिश्चन, पण त्याची भाषा अरबी. मला त्याचं मोठं नवल वाटे, आणि त्याला माझं. "तुला कुराण पाठ आहे," तो मोडक्या हिंदीत म्हणायचा, "आणि साधं पाणी मागता येत नाही, हबीबी." मग त्याने मला बोलायची अरबी शिकवली. दुपारचं जेवण झालं की इतर साहेब उठून जायचे आणि तो एकटा बसून राहायचा. मी टेबल पुसायचो आणि तो बोलायचा. बहुतेक वेळा त्याच्या गावाबद्दल आणि बापाबद्दल.

गाव बिका खोऱ्यात, डोंगराच्या उतारावर. तिथं एक द्राक्ष होतं, तिथल्याच मातीतलं. ओबैदी. त्याला मांडव लागत नाही, वेल दगडांवर आडवी पसरते. पाणी कुणी घालत नाही. हिवाळ्यातला बर्फ वितळतो, तेवढ्यावर ती वर्ष काढते. म्हणायला पांढरं द्राक्ष, पण पिकलं की पिवळंधमक होतं आणि उन्हाकडच्या बाजूला जरासं तांबूस. साल जाड. बाकीची द्राक्षं संपली की मग हे पिकतं. फ्रेंच आले तेव्हा त्यांनी आपली द्राक्षं लावली, आपल्या वाइनी केल्या. ओबैदी उरली ती अरक, म्हणजे बडीशेपेची कडक दारू, गाळण्यापुरती. त्याचा बाप मात्र हट्टाने ओबैदीचीच पांढरी वाइन करत राहिला, मातीच्या रांजणात. लोक हसायचे. म्हणायचे, हे गाढवाला खोगीर घालून शर्यतीत उतरवणं आहे. बाप म्हणायचा, गाढवाला डोंगर ठाऊक असतो.

त्या बापाला जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. मळा मोठ्या भावाकडे गेला आणि त्याने वेली उपटून सफरचंदाची झाडं लावली. बापाच्या शेवटच्या हंगामाची जी वाइन रांजणात होती, त्यातला मुहंदिसाच्या वाट्याला एक दमजाना आला. दमजाना म्हणजे काचेची मोठी पोटाळी बाटली, वेताच्या टोपलीत बसवलेली. बैरूतहून विमानात तो ती मांडीवर घेऊन बसला होता. त्याच्या बायकोला दिवस गेले होते. बाळंतपणानंतर ती बाळाला घेऊन अल ऐनला यायची होती, अबू धाबीहून पाद्री बोलावून बाळाचा बाप्तिस्मा इथंच करायचा होता आणि त्या दिवशी आजोबाची वाइन फोडायची होती. "बाळाने आजोबाला पाहिलं नाही," तो म्हणाला होता. "एवढी तरी ओळख होऊ दे."

उन्हाळ्यात तो बाळंतपणासाठी रजेवर निघाला. जायच्या आधी त्याने दमजान्याचं बूच काढून पेलाभर वाइन काढून बघितली, प्रवासात बिघडली तर नाही ना म्हणून. मी शेजारी उभा होतो. पिकलेल्या काजूच्या बोंडूंचा ढीग सावलीत पडला की जसा वास सुटतो तसा, आणि त्यात मध, असा वास माझ्यापर्यंत आला. तो डोळे मिटून हसला. मग बूच घट्ट बसवून त्याने दमजाना मेसच्या भाजीच्या खोलीत ठेवला, कारण कॅम्पात तेवढीच खोली थंड होती, खिडकीत जनरेटरवर चालणारा एसी होता. बाहेरच्या दाराची किल्ली त्याने माझ्या हातात दिली.

"कुझनेर चांगला माणूस आहे," तो म्हणाला, "पण तो पूर्वी पीत होता. माणसाचं सांगता येत नाही. तू मुसलमान. तू हात लावणार नाहीस. ही तुझ्याकडे अमानत."

अमानत म्हणजे काय ते मला लहानपणापासून शिकवलेलं होतं. दुसऱ्याची ठेव, जशी दिली तशी परत करायची.

खरं म्हणजे त्या खोलीला स्वयंपाकघरातूनही दार होतं, नुसत्या कडीचं. किल्लीला तसा अर्थ नव्हता. पण ती मी गळ्यात बांधून फिरायचो.

पहिल्यांदा बूच काढलं ते फक्त वास घ्यायला. दुपार होती, सगळे झोपले होते, बाहेर ऊन पांढरं झालं होतं. काही दिवसांनी बोट बुडवलं. त्यानंतर पेला. चव पहिल्यांदा आंबटसर, लिंबाच्या सालीसारखी, आणि गिळल्यावर मागून गोड. मला ती आवडली. हे एवढं वाक्य लिहायला मला अर्धं आयुष्य लागलं आहे. वाईट संगत, जबरदस्ती, चुकून, असं काहीच नव्हतं. आवडली म्हणून मी पुन्हा गेलो. तोंड धुऊन, नमाजीआधीचं हातपाय धुणं म्हणजे वजू करून, तिसऱ्या प्रहरच्या अस्रच्या नमाजीला उभा राहायचो आणि माझ्याच श्वासाची भीती वाटायची. दमजान्यातली पातळी खांद्यावरून खाली आली.

मग गावाहून निरोप आला. आमच्या गावचा एक खलाशी गलबतावरून दुबईला आला होता, त्याने ट्रकवाल्याबरोबर सांगावा धाडला. अब्बा पुढच्या हजला जायचं म्हणतात, मी पाठवलेल्या कमाईवर. त्यांनी एकच विचारलंय: कमाई हलाल आहे ना, तेवढं सांग. हजचा पैसा स्वच्छ लागतो. मी ट्रकवाल्याला म्हटलं, सांग, आहे म्हणून. त्या दिवसापासून माझं डोकं ठिकाणावर राहिलं नाही. मला वाटायला लागलं, तो दमजाना त्या खोलीत आहे तोवर मी पुन्हा जाईन, आणि मी गेलो की अब्बांची हज बाटेल. फोडून टाकावा तर अमानत. ठेवावा तर मी.

कॅम्पच्या स्टोअरला लखनौकडचे एक मुन्शी होते, दाढीवाले, कुराण-हदीस वाचलेले. त्यांना मी आडून विचारलं. एखाद्याच्या घरात दारू आहे, फेकता येत नाही, तर काय करावं? ते म्हणाले, सोपं आहे, मीठ नाहीतर सिरका, म्हणजे विनेगर, घालून तिचा सिरका करून टाकावा. सिरका पाक आहे. दारूचा सिरका करणाऱ्याला उलट सवाब, पुण्य मिळतं.

हे ऐकून मला जो आनंद झाला तो मला अजून आठवतो, आणि त्याची लाज वाटते. सगळं एकदम सुटल्यासारखं वाटलं. मुहंदिसाचा दमजाना राहील, त्याच्या बापाची द्राक्षं राहतील, दारू तेवढी जाईल. मी प्यायलेलंही झाकलं जाईल, कारण पुढचं बोलणंही मी तयार करून ठेवलं होतं: साहेब, एसी बंद पडला होता, उन्हाने बिघडली.

कुझनेरच्या बरणीतून मी वाटीभर विनेगर घेतलं, आवयच्या एका तुकड्यासकट, आणि दमजान्यात ओतलं. बुचाच्या जागी फडकं बांधलं. रोज जाऊन वास घ्यायचो. आता भीती नव्हती. हळूहळू बोंडूंचा वास गेला, मध गेला, आणि एक दिवस नाकात ठसका बसला. मी बूच परत लावलं आणि शुकराण्याची, आभाराची नमाज पढलो.

कुझनेरच्या लक्षात आलं होतं. "मुल्ला, माझी आवय कुणी कापली रे?" त्याने हसत विचारलं. मी म्हटलं, कांद्याच्या लोणच्याला घेतलं मामू, सांगायचं राहिलं. तो म्हणाला, आईला हात लावण्याआधी मुलाला विचारावं. आणि गेला कामाला. कांद्याचं लोणचं कुठंच नव्हतं. त्याच्याच स्वयंपाकघरात त्याला ते दिसलं नसेल असं होणार नाही.

मुहंदिस परत आला, मागून बायको आणि मुलगी आली. शुक्रवारी सुट्टीच्या सकाळी मेसबाहेर ताडपत्री बांधून टेबलं मांडली. अबू धाबीहून पाद्री आला, कॅम्पातले सगळे ख्रिश्चन जमले, गोरे साहेब आले, आम्ही मुसलमानही कडेला उभे होतो. कुझनेरने पांढरा सदरा घातला होता आणि बाळाला बघून तो रडला. मीही सदरा बदलून ट्रे घेऊन उभा होतो. एसीचं वाक्य मी आदल्या दिवसापासून घोकत होतो. ते आधीच जाऊन सांगायला हवं होतं. पण मुहंदिस इतका खूश होता, की मी उद्या उद्या करत राहिलो.

बाप्तिस्मा झाला. मुहंदिसाने स्वतः दमजाना उचलून आणला. वेताच्या टोपलीमुळे पातळी दिसत नव्हती. पण उचलल्यावर तो क्षणभर थांबला, वजन कमी लागलं म्हणून. बूच काढलं. त्याचा चेहरा बदललेला मी पाहिला. त्याने पेल्यात ओतलं तर त्यात आवयचा एक लिबलिबीत तुकडा पडला. त्याने चाखलं, आणि पेला टेबलावर ठेवून दिला. पाद्रीने वास घेतला आणि हळूच म्हणाला, व्हिनेगर.

कॅम्पचा मॅनेजर इंग्रज होता. त्याने पेल्यातला तुकडा चमच्याने उचलून बघितला. तसली साय कॅम्पात एकाच बरणीत होती आणि ती कुणाची हे त्याला ठाऊक होतं. तो कुझनेरकडे वळून म्हणाला, अर्धी पिऊन टाकलीस आणि वरून तुझं विनेगर भरलंस, वा.

मी ते वाक्य बोलायला तोंड उघडलं होतं. पण आता एसी आणि ऊन कुठं बसणार? उन्हाने पातळी खाली जात नाही, आणि उन्हाने आवय येत नाही.

मुहंदिसाने कुझनेरकडे बघितलंच नाही. तो माझ्याकडे वळला आणि अरबीत म्हणाला, "तू सांग. तुझ्याकडे ठेवली होती."

मी म्हटलं, "किल्ली माझ्या गळ्यातच होती, साहेब. पण त्या खोलीला स्वयंपाकघरातून दार आहे."

यातला एक शब्दही खोटा नव्हता. पुढे कित्येक वर्षं मी स्वतःला तेवढंच सांगत आलो, की मी खोटं बोललो नाही.

कुणीतरी म्हणालं, पोरगा पाच वेळा नमाज पढतो, त्याचं काय विचारता. मुहंदिसाने होकारार्थी मान हलवली. कुझनेर तेव्हा माझ्याकडे बघत होता. साहेबांशी तो इंग्रजीत बोलायचा, माझ्याशी मराठी-हिंदीत. त्या वेळी तो त्याच्या कोकणीत बोलला, अगदी हळू, जसं काही तिथं आम्ही दोघंच होतो.

"हांव पियेना. तुका खबर आसा."

मी पीत नाही. तुला ठाऊक आहे.

तो एवढंच बोलला. माझी आवय यानेच कापली, असं तो म्हणू शकला असता. लोणच्याची गोष्ट सांगू शकला असता. त्याने ते केलं नाही. मला वाटतं, तो मी बोलण्याची वाट बघत होता. मी ट्रेवरचे पेले सरळ करत राहिलो.

मॅनेजरने त्याला काढलं. तेव्हा काढलं म्हणजे परवानाही गेला, दुसरीकडे काम मिळायचं नाही, सरळ मुंबईची बोट. दोन दिवसांनी सकाळी मालाच्या ट्रकमध्ये पुढच्या सीटवर त्याला बसवलं. मी त्याची ट्रंक उचलून दिली. सगळे होते, म्हणून तो नेहमीसारखंच बोलला.

"मुल्ला, आता कांदे तूच काप आणि नमाजही तूच पढ. मधे टोकायला कुणी नाही."

लोक हसले. ट्रक गेला.

त्याची जागा मला मिळाली. पगार वाढला, मेसमध्ये दारूचे ट्रे न्यायचं काम सुटलं, आणि कमाई हलाल आहे असं मी घरी सांगायचो त्यात आता बरंच खरं होतं. विनेगरची बरणी तो ठेवून गेला होता. मी तिला खजुराचं पाणी घालत राहिलो, पण काय चुकत होतं कोण जाणे, तिच्यावर काळी बुरशी धरली आणि एक दिवस मी ती वाळूत रिकामी केली. दमजाना मात्र मुहंदिसाच्या बायकोने फेकू दिला नाही. ती म्हणाली, सासऱ्याची द्राक्षं आहेत, सिरका तर सिरका. पूर्ण हिवाळा ती त्यांच्या सॅलडवर ते घालायची. मुहंदिस पुढ्यातलं खायचा. तो पूर्वीसारखा जेवणानंतर बसून राहत नसे. ओबैदीचं नाव त्याने माझ्यासमोर पुन्हा काढलं नाही. काम संपल्यावर तो कुटुंब घेऊन बैरूतला गेला. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, या कॅम्पात विश्वास ठेवण्यासारखा तू एकच होतास.

मी पहिल्या रजेवर गावी गेलो तोवर अब्बा हाजी होऊन आले होते. मशिदीतून बाहेर पडलो तर चार माणसं मला बघायला थांबलेली. अल ऐनची गोष्ट माझ्याआधी गावात पोचली होती. खलाशी, ट्रकवाले, स्टीमरवरचे लोक, कुणी कुणी ती आणली असेल. साहेबाने आपल्या दारूवर राखण ठेवायला मुसलमानाचा पोर निवडला. गोव्याच्या स्वयंपाक्याला मोह आवरला नाही, पण आपल्या पोराने हात लावला नाही. अब्बा सहसा कुणाचं कौतुक करायचे नाहीत. त्या दिवशी ते सगळ्यांसमोर म्हणाले, "माझी हज कबूल झाली असेल तर ती याच्या कमाईमुळे."

मला तेव्हाही सांगता आलं असतं. त्याऐवजी मी काजीसाहेबांकडे गेलो आणि पुन्हा आडून विचारलं. मला निदान एका बाजूने सुटका हवी होती. दारूत काही घालून तिचा सिरका केला तर तो पाक ना? काजीसाहेब म्हणाले, कुणी सांगितलं तुला? लखनौच्या मुन्शींनी, मी म्हटलं. ते हसले. ते हनफी, आपण शाफई. उत्तरेकडचे लोक बहुतेक हनफी मजहबाचे, म्हणजे शरियतच्या त्या पंथाचे, आपण कोकणी मुसलमान पिढ्यानपिढ्या शाफई, हे मला पोरपणापासून ठाऊक होतं; नमाजीत हात कुठं बांधायचे इथपासून फरक. पण ते मी या बाबतीत विसरलो होतो, की मुद्दाम आठवू दिलं नव्हतं, सांगता येत नाही. काजीसाहेब म्हणाले, आपल्यात दारू आपणहून आंबून सिरका झाली तर पाक. तिच्यात बाहेरून काही टाकून केला असेल तर तो कधीच पाक होत नाही. नापाक ती नापाकच राहिली.

म्हणजे जे वाचवायला म्हणून मी ते केलं होतं, तेही वाचलं नव्हतं. मुहंदिसाच्या बापाची वाइन गेली, मामूची इभ्रत गेली, आणि माझ्या हिशेबात जमा झालं ते काहीच नाही. अब्बांना मी यातलं काही सांगितलं नाही. ते त्याच समाधानात गेले.

मामूबद्दल कळलं ते बऱ्याच वर्षांनी, अबू धाबीत. त्याच्या गावचा, त्याचा चुलतभाऊ लागणारा एक मेकॅनिक माझ्या वर्कशॉपमध्ये कामाला आला. बोलता बोलता गाव निघालं. आमच्या गावात चांगली होऊन पोचलेली तीच गोष्ट त्याच्या गावात दुसऱ्या अंगाने पोचली होती. चॅपेलमध्ये सगळ्या गावासमोर घेतलेली शपथ मोडली, तीही दुसऱ्याच्या बाळाच्या बाप्तिस्म्याची वाइन चोरून. गावच्या सणाच्या मिरवणुकीत क्रूस उचलण्याचा मान त्या घराकडे होता. तो काढून घेतला. मामू पुढे मुंबईत हॉटेलात राबला, म्हातारपणी गावी गेला. पोरं त्याला बेबदो म्हणून हाक मारतात, म्हणजे बेवडा. तो काही म्हणत नाही. चुलतभावाने मला विचारलं, तुम्ही त्याच कॅम्पात होता ना, खरं काय झालं होतं? मी म्हटलं, फार जुनी गोष्ट आहे, आठवत नाही.

त्याने सांगितलं, मामू जिवंत आहे, डोळ्यांनी कमी दिसतं, दिवसभर घराच्या सोप्यावर बसून असतो. घर बस थांबते तिथंच, विचारावंही लागत नाही. मी दर वर्षी गावी जातो. आमच्याकडून सकाळची बस पकडली तर संध्याकाळच्या आत तिथं पोचता येतं. दोनदा मी स्टँडवर जाऊन बसलो आणि घरी परतलो. बायकोला सांगितलं, बस चुकली.

हे लिहिताना कुणाचंच नाव घातलेलं नाही. कोण कुठलं, वाचणाऱ्याला कळणार नाही. म्हणून हे लिहून टाकलं की काम झालं, असं मी स्वतःला म्हणू शकत नाही. लिहिताना दोन-तीनदा तसं वाटून गेलं, म्हणून मुद्दाम नोंदवतोय.

माझ्याकडून राहिलेलं असं आहे. मुहंदिसाला मी सांगायचं आहे, की तुझ्या बापाची वाइन मी प्यायलो, ती मला आवडली होती, आणि उरलेली मीच बिघडवली. तो कुठं आहे मला माहीत नाही. मामूला सांगायचं आहे, आणि ते त्याच्या सोप्यावर एकट्याला सांगून भागणार नाही. त्याच्या गावच्या चॅपेलसमोर, तो बसलेला असताना, त्याला बेबदो म्हणणाऱ्या लोकांना मी माझं नाव घेऊन सांगायचं आहे, की हा माणूस प्यायला नव्हता, मी प्यायलो होतो. ते मी अजून केलेलं नाही.